नोझलपासून पानापर्यंत : फवारणीच्या थेंबाचे गणित

कपाशीच्या पानामागे चिकटून बसलेले पांढऱ्या माशीचे पिलू, भाताच्या चुडाच्या बुंध्याशी रस शोषणारा तपकिरी तुडतुडा आणि मक्याच्या पोंग्यात दडलेली लष्करी अळी या तिन्ही किडींना मारणारी औषधे प्रयोगशाळेत केव्हाच सिद्ध झाली आहेत. शेतात मात्र ते औषध किडीपर्यंत पोहोचावे लागते. शिफारशीत औषधाची मात्रा असते, पाण्याचे प्रमाण असते, पीकवाढीची अवस्था असते. नोझलमधून सुटलेल्या थेंबाचा पानापर्यंतचा अर्धा ते तीन मीटरांचा प्रवास कसा व्हावा, याविषयी सहसा एक ओळही नसते. त्या काही सेकंदांत औषधाचा किती भाग किडीवर, किती जमिनीवर, किती शेजाऱ्याच्या पिकावर आणि किती फवारणाऱ्याच्या छातीत जाणार, हे बहुतांशी ठरून जाते.

या प्रवासाचे गणित मांडू पाहणाऱ्यास भौतिकशास्त्रातील दोन अवघड प्रश्नांना सामोरे जावे लागते. पहिला हवेचा : पिकावरून वाहणारी हवा संक्षुब्ध असते, म्हणजे ती भोवऱ्या-भोवऱ्यांनी, सतत दिशा व वेग बदलत वाहते. दुसरा द्रवाचा : ‘स्टिकर’ किंवा थेंब-नियंत्रक मिसळलेले फवारणीचे पाणी साध्या पाण्यासारखे वागत नाही, ते अंशतः वाहते आणि अंशतः रबरासारखे ताणले जाते. दोन्ही प्रश्नांची समीकरणे ज्ञात आहेत, पण ती पूर्णपणे सोडवणे आजच्या संगणकांनाही जमत नाही. तरीही त्यांच्या प्रतिमानांतून, म्हणजे गणिती प्रतिकृतींतून, बांधावर उपयोगी पडणारे बरेच काही हाती आले आहे.

आकाराचा हिशेब

आरंभ सोप्या भागापासून करता येतो. थेंबाचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्थिर हवेत ५० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब सेकंदाला साधारण साडेसात सेंटिमीटर या संथ गतीने खाली येतो. १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे २७ सेंटिमीटर, २०० मायक्रॉनचा सुमारे ७० सेंटिमीटर, तर ५०० मायक्रॉनचा दोन मीटरांहून अधिक अंतर कापतो. नोझल पिकाच्या एक मीटर वर आहे आणि वारा सेकंदाला दोन मीटर, म्हणजे ताशी सुमारे सात किलोमीटर या मंद वेगाने वाहतो आहे, असे धरले तर केवळ पडण्याच्या काळात ५० मायक्रॉनचा थेंब २५ मीटरांहून दूर जातो, १०० मायक्रॉनचा सात-साडेसात मीटर आणि २०० मायक्रॉनचा तीन मीटरांच्या आत राहतो.

येथे एक आक्षेप घेतला जातो, की नोझलमधून द्रव जोराने बाहेर पडतो, मग थेंब केवळ वजनाने का पडावा? तीन बार दाबाला द्रव सेकंदाला वीस मीटरांहून अधिक वेगाने सुटतो, हे खरे आहे. परंतु हवेचा रोध लहान थेंबास क्षणार्धात थोपवतो. सेकंदाला वीस मीटर वेगाने सुटलेला ५० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत जेमतेम सहा-सात सेंटिमीटर जातो, १०० मायक्रॉनचा सुमारे वीस सेंटिमीटर, तर ३०० मायक्रॉनचा एक मीटरभर. फवारा आपल्याबरोबर थोडी हवाही ओढून नेतो, त्यामुळे प्रत्यक्षात हे अंतर काहीसे वाढते. तथापि लहान थेंबाच्या अंगी पंपाचा जोर फार वेळ टिकत नाही. त्यानंतर तो हवेचा होतो. पंपाचा दाब वाढवला की औषध पिकात खोल शिरेल, ही समजूत म्हणूनच फसवी ठरते. वाढीव दाबाने थेंब अधिक बारीक होतात आणि बारीक थेंब अधिक लवकर थांबतात.

त्यात बाष्पीभवनाची भर पडते. पाण्याचा थेंब किती सेकंद टिकेल, याचे एक ढोबळ पण उपयुक्त सूत्र आहे : व्यासाच्या वर्गाला ८० ने आणि कोरड्या व ओल्या तापमापकांतील फरकाने भागावे. हा फरक ८ अंश असेल, तर ५० मायक्रॉनचा थेंब चार सेकंदांत आटतो. एक मीटर खाली येण्यास त्याला तेरा सेकंद लागतात. अर्थात तो पानावर पोहोचतच नाही. उरतो तो औषधाचा सूक्ष्म कण, आणि तो वाऱ्यावर कोठेही जाऊ शकतो. १०० मायक्रॉनच्या थेंबास त्याच हवेत पंधरा सेकंद मिळतात. ऑक्टोबरमधील विदर्भाची दुपार किंवा मार्च-एप्रिलमधील तेलंगणाची दुपार यांत हा फरक आणखी मोठा असतो. दुपारी फवारणी टाळण्याचा सल्ला कार्यकर्ते देतात, त्यामागे हा वर्गाचा हिशेब आहे : व्यास निम्मा झाला की आयुष्य चौथाई उरते.

मग सगळे थेंब मोठे का करू नयेत? कारण ४०० मायक्रॉनच्या एका थेंबात १०० मायक्रॉनचे ६४ थेंब मावतात. तेच औषध, तेच पाणी. पण एका ठिकाणी एक ठिपका आणि दुसऱ्या ठिकाणी चौसष्ट. पानामागे विखुरलेल्या, जागा न सोडणाऱ्या पांढऱ्या माशीच्या पिलांवर स्पर्शजन्य औषध वापरायचे असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. आंतरप्रवाही औषधास किंवा तणनाशकास मात्र मोठा थेंब पुष्कळदा चालतो, आणि तणनाशकाच्या बाबतीत तोच इष्ट असतो. फवारणीच्या अभ्यासातील खरी अडचण सरासरी आकाराची नाही. कोणतेही नोझल एकाच आकाराचे थेंब देत नाही. प्रत्येक फवाऱ्यात १०० मायक्रॉनखालील बारीक थेंबांचे एक ‘शेपूट’ असते. नुकसान बहुधा त्या शेपटाचे असते.

हवेतील खळबळ

वरील सर्व हिशेबांत वारा सरळ व सारख्या वेगाने वाहतो, असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. १८८३ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टर येथे काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखविले, की वेग कमी असता धार दोऱ्यासारखी सरळ राहते आणि एका मर्यादेपलीकडे ती एकाएकी विसकटून सर्वत्र मिसळते. ही मर्यादा वेग, आकार आणि द्रवाची श्यानता यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. नळीसाठी ते गुणोत्तर दोन हजारांच्या आसपास गेले, की प्रवाह बिघडू लागतो. मीटरभर उंचीच्या पिकावरून सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यासाठी तेच गुणोत्तर एक लाखाच्या वर जाते. शेतातली मंद वाटणारी झुळूकही अशी संक्षुब्धच असते. गंमत अशी, की १०० मायक्रॉनच्या पडत्या थेंबाभोवतीचे गुणोत्तर जेमतेम दोन भरते. थेंबाच्या अंगालगतची हवा शिस्तीत वाहते आणि हा शिस्तशीर थेंब खळबळत्या प्रवाहात तरंगत राहतो.

ही खळबळ जशीच्या तशी संगणकावर उतरवायची म्हटले, तर काय करावे लागेल? शेतावरील हवेत सर्वांत मोठे भोवरे दहापाच मीटरांचे आणि सर्वांत लहान मिलिमीटरच्या घरातले असतात. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मोठा भोवरा आपली ऊर्जा लहानास, तो त्याहून लहानास देत जातो आणि शेवटी ती उष्णतेत विरते. एक हेक्टर क्षेत्र, दहा मीटर उंची आणि मिलिमीटरची चौकट धरली, तर १ वर १४ शून्ये इतक्या चौकटी होतात, आणि प्रत्येकीतला वेग सेकंदात शेकडो वेळा काढावा लागतो.

म्हणून सरासरीचा मार्ग निघाला. हवेचा वेग म्हणजे सरासरी अधिक चढउतार, असे दोन तुकडे करून सरासरीचीच समीकरणे सोडवायची, ही कल्पनाही रेनॉल्ड्स यांचीच, १८९५ मधील. पण सरासरी घेताच समीकरणात चढउतारांच्या गुणाकाराची नवी अज्ञात पदे शिरतात. ती काढण्यासाठी आणखी समीकरणे लिहिली, तर त्यांतून आणखी अज्ञात पदे निघतात. हे चक्र कोठेतरी अनुभवाच्या आधारे तोडावे लागते. अभियांत्रिकीत सर्वाधिक रूढ असलेल्या पद्धतीत संक्षोभाची ऊर्जा किती आहे आणि ती किती वेगाने विरते आहे, अशी दोन जादा समीकरणे घेतात. त्यांतील स्थिरांक प्रयोगांतून आलेले असतात, हे वापरणाऱ्याने विसरता कामा नये.

उभ्या पिकात तर ही पद्धत आणखी डळमळते. गव्हाच्या शेतावरून वारा जाताना पिवळ्या लोंब्यांवर लाटा धावताना दिसतात. पिकाच्या शेंड्याजवळ वाऱ्याचा वेग एकदम बदलतो, तेथे मोठे संघटित भोवरे जन्मतात आणि थोड्या थोड्या वेळाने वरची हवा पिकात झपकन घुसवतात. त्या भोवऱ्यांची ही खूण होय. पिकाच्या आतील व बाहेरील हवेची बहुतेक देवाणघेवाण या थोड्या झपाट्यांत उरकते, मधला काळ जवळजवळ निश्चल असतो. सरासरी काढणारे प्रतिमान हे झपाटे पुसून टाकते. बुंध्याशी किती थेंब पोहोचतील याचे संगणकीय उत्तर आणि शेतातील मोजमाप यांत तफावत पडते, ती बहुधा येथे.

थेंबांचा माग काढण्यासाठी दुसरी युक्ती वापरतात. एकेका थेंबास सरासरी वाऱ्याबरोबर पुढे सरकवायचे, वजनाने खाली आणायचे, बाष्पीभवनाने बारीक करायचे आणि दर पावलाला फासा टाकल्यासारखा एक आकस्मिक धक्का द्यायचा. धक्क्याची तीव्रता हवेच्या खळबळीवरून ठरते आणि प्रत्येक धक्क्यात मागच्याची थोडी आठवण उरते, कारण भोवरा क्षणात नाहीसा होत नाही. या विचाराचे मूळ जी. आय. टेलर यांच्या १९२१ मधील शोधनिबंधात आहे. असे हजारो थेंब सोडले, की अमुक थेंब कोठे पडेल हे कळत नाही. दर शंभरांतले किती थेंब दहा मीटरांवर, किती पन्नास मीटरांवर पडतील, हे बऱ्यापैकी कळते. अमेरिकेच्या वनसेवेसाठी विमान फवारणीकरिता विकसित झालेले ‘ॲगडिस्प’ हे प्रतिमान थेंबांचा असाच माग काढते, आणि फवारणीविरहित सुरक्षा-पट्टा किती रुंद ठेवावा हे ठरविण्यास अशा प्रतिमानांचा आधार घेतला जातो.

खळबळ नेहमी शत्रूच असते, असेही नाही. २०१९-२० मध्ये राजस्थान व गुजरातेत वाळवंटी टोळांचे थवे उतरले, तेव्हा अतिअल्प घनमान फवारणी करण्यात आली. तीत हेक्टरी अवघे अर्धा ते एक लिटर तैलयुक्त औषध ५० ते १०० मायक्रॉनच्या थेंबांत सोडून वाऱ्यावरच पसरू देतात. तेल आटत नाही, वाऱ्याची खळबळ थेंबांना झुडपाच्या सर्व बाजूंनी फिरवते आणि बारीक थेंब टोळाच्या अंगावर व पानांच्या कडांवर चांगले अडकतात. निर्मनुष्य वाळवंटात जे तंत्र योग्य, तेच तुतीच्या बागेशेजारील द्राक्षमळ्यात अनर्थ करील. रेशीमकीटकास पानावरचा नगण्य अंशही पुरतो.

याउलट हवा अगदी निपचित असताना फवारावे, हा सर्वसाधारण समज तपासून पाहण्याजोगा आहे. हिवाळ्यातील निरभ्र पहाटे जमीन गार होते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन खाली बसते आणि वर उबदार थर झाकणासारखा राहतो. पंजाबपासून बिहारपर्यंतच्या मैदानात धूर वर न जाता शेतावर चादरीसारखा पसरतो, ते याच स्थितीत. खळबळ जवळजवळ थांबल्यामुळे बारीक थेंब विरळ होत नाहीत. त्यांचा दाट ढग तसाच तरंगतो आणि जमिनीच्या उताराने हळूहळू सरकत दूरच्या पिकावर किंवा वस्तीवर जातो. प्रतिमानांत आणि मोजमापांत हा धोका वारंवार दिसला आहे. सूर्य वर येऊन धुराची चादर मोडल्यानंतरची, ताशी चार ते दहा किलोमीटर वेगाच्या स्थिर दिशेच्या वाऱ्याची वेळ त्याहून सुरक्षित असते.

फवारणाऱ्याच्या पुढ्यातील भोवरा

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेच्या चर्चेत औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव आणि डोक्याइतकी वाढलेली कपाशी यांचा उल्लेख वारंवार झाला. अतिशय बारीक तुषार देणाऱ्या पंपांकडेही बोट दाखविले गेले. हवेच्या प्रवाहाच्या दृष्टीने या प्रश्नास आणखी एक बाजू आहे.

वारा पाठीवर घेऊन फवारावे, असे सांगितले जाते. वाऱ्यास तोंड देऊन फवारण्यापेक्षा ते बरेच. परंतु माणसाचे शरीर वाऱ्यात खांबासारखे उभे असते आणि खांबाच्या आडोशाला हवा गरगरत उलटी फिरते. वारा पाठीवर असला, की हा आडोसा नेमका छातीपुढे येतो आणि पुढे धरलेल्या नोझलचे बारीक तुषार त्या भोवऱ्यात सापडून नाकातोंडाकडे चढतात. रंगफवारणी करणाऱ्या कामगारांवरील अभ्यासांत हे स्पष्ट झाले आहे. वारा एका कुशीवरून यावा, नोझल वाऱ्याच्या खालच्या अंगास धरावे, आणि वारा ज्या बांधाकडे जातो तेथून आरंभ करून ओळीमागून ओळ वाऱ्याच्या उगमाकडे सरकावे. म्हणजे फवारलेल्या ओळीतून पुन्हा चालावे लागत नाही. डोक्याएवढ्या कपाशीत वारा शिरतच नाही आणि तुषार जागच्या जागी साचतात. तेथे नोझल वर धरून झाडांमधून चालत फवारणे कोणत्याही मुखवट्यानिशी धोक्याचेच.

ताणला जाणारा द्रव

बारीक थेंबांचे शेपूट हवेत छाटता येत नाही. ते नोझलच्या तोंडाशीच छाटावे लागते. येथे द्रवाचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. भेंडी चिरताना सुरीला लागणारा बुळबुळीत रस ओढला असता तार धरतो, आणि तार तुटली की ती थोडी मागे आखडते. मळलेली कणीक ओढून लगेच सोडली तर अंशतः मागे येते. तशीच ठेवली तर पसरते. अशा पदार्थांना श्यान-स्थितिस्थापक म्हणतात. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये याचे जे प्रतिमान मांडले, ते एक स्प्रिंग आणि तेलात फिरणारा दट्ट्या एकापुढे एक जोडल्यासारखे आहे. झटका दिला तर स्प्रिंग ताणते, सावकाश ओढले तर दट्ट्या सरकतो. पदार्थाचा ताण विरण्यास लागणारा काळ आणि त्यावरील क्रियेचा काळ यांच्या तुलनेवरून तो कसा वागेल, हे ठरते.

फवाऱ्यात हा क्रियेचा काळ मिलिसेकंदांचा असतो. पंख्यासारख्या नोझलमधून प्रथम द्रवाचा पातळ पडदा निघतो. तो पुढे जाता जाता विरळ होतो, त्यात लाटा उठतात, छिद्रे पडतात, त्याचे धागे होतात आणि धागे तुटून थेंब होतात. साध्या पाण्याचा धागा तुटताना दोन मोठ्या थेंबांमधल्या बारीक भागातून लहान उपथेंब सुटतात. शेपटाचा मोठा भाग त्यांचा. पाण्यात लांब साखळीच्या पॉलिमरचा अल्प अंश असेल, तर धागा ताणला जाताना गुंडाळी झालेल्या साखळ्या उलगडतात आणि तुटण्यास विरोध करतात. काही क्षण दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे दृश्य दिसते, आणि उपथेंब पुष्कळ कमी होतात. विशेष हे, की बाटलीतून ओतताना असे द्रावण पाण्याइतकेच पातळ वाटते. त्याचा विरोध ओतण्याला नसून ताणण्याला असतो.

गणितात प्रत्येक साखळी म्हणजे दोन मणी आणि मधली स्प्रिंग असे समजतात. जेम्स ओल्ड्रॉइड यांनी १९५० मध्ये दिलेली समीकरणे या चित्राशी जुळतात. परंतु त्यांतील स्प्रिंग कितीही ताणता येते, आणि प्रखर ताणात उत्तर अनंताकडे धावते. नंतरच्या प्रतिमानांत स्प्रिंगला कमाल लांबी दिली गेली. खऱ्या साखळीला आणखी एक मर्यादा आहे : ती तुटते. पंपातून, गाळणीतून आणि टाकीत परत सोडणाऱ्या नळीतून द्रावण पुन्हा पुन्हा फिरले, की लांब साखळ्या सहसा मधोमध तुटतात आणि परिणाम ओसरतो. पॉलिअॅक्रिलअमाइडसारख्या लवचीक साखळ्यांत ही झीज लवकर होते. झँथन किंवा गवार गम यांच्या ताठर साखळ्या अधिक तग धरतात, मात्र त्यांचा ताण-विरोधही वेगळ्या प्रकारचा असतो. गवारीच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे आणि त्यात राजस्थानचा वाटा सर्वांत मोठा, त्यामुळे या पदार्थाकडे आपल्या संशोधकांनी अधिक लक्ष द्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. ट्रॅक्टरच्या टाकीत थेंब-नियंत्रक शेवटी मिसळून तासन्‌तास न ढवळता लवकर फवारून संपविणे, हा या माहितीचा तात्काळ उपयोग. पॉलिमरमुळे फवाऱ्याचा कोनही आकुंचित होतो. म्हणून नोझलची उंची आणि पट्ट्याची रुंदी पुन्हा मोजून घ्यावी. घरगुती डिंक, गूळ किंवा कपड्याचा साबण मिसळून हे साधत नाही. जाळी तुंबते, साबणाने फेस होतो आणि काही औषधे फुटतात.

अळवावरचे पाणी

थेंब पानावर पोहोचला, तरी तो तेथे राहीलच असे नाही. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. कोबी, कांदा, भात आणि गहू यांच्या पानांवरही मेणाचा तसाच खडबडीत थर असतो. थेंब आदळतो, चकतीसारखा पसरतो, आणि पृष्ठताणामुळे आखडून चेंडूसारखा उसळतो. हे सर्व शंभरांश सेकंदाच्या आसपास घडते. मोठा थेंब तर फुटून त्याचे तुकडे जमिनीवर जातात. म्हणून कांद्यावरील फुलकिड्यांसाठी भरड थेंब साध्या पाण्यात वापरले, तर औषध वाफ्याला मिळते.

२००० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले, की लिटरला दशांश ग्रॅम इतकेच लांब साखळीचे पॉलिमर मिसळले असता मेणचट पृष्ठावरून थेंबाचे उसळणे थांबते. आरंभी याचे श्रेय ताणलेल्या द्रवात होणाऱ्या ऊर्जाव्ययास दिले गेले. पुढील प्रयोगांनी दाखविले, की मुख्य खेळ थेंबाच्या मागे सरकणाऱ्या कडेशी होतो. तेथे साखळ्या पृष्ठालगत ताणल्या जाऊन कडेला मागे येऊ देत नाहीत. पृष्ठताण कमी करणारा स्प्रेडर वेगळ्या मार्गाने काम करतो : तो थेंब पसरवतो. बाजारात दोन्हींना सरसकट ‘स्टिकर’ म्हणतात आणि तेथेच घोटाळा होतो. लेबलवर कोणते कार्य लिहिले आहे, हे वाचल्यावाचून त्यांची अदलाबदल करू नये.

पान स्वतःही निश्चल नसते. देठ आणि पाते हेही श्यान-स्थितिस्थापक पदार्थच. वाऱ्यात ते वाकतात, थरथरतात आणि सावकाश मूळ जागी येतात. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीव्हन व्होगेल यांनी १९८९ मध्ये वायुबोगद्यात दाखविले, की जोराच्या वाऱ्यात अनेक रुंद पाने शंकूसारखी गुंडाळली जाऊन रोध कमी करतात. पानाला हे हिताचे, फवारणाऱ्याला नव्हे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षमळ्यांत किंवा हिमाचलच्या सफरचंदाच्या बागांत ब्लोअरच्या मध्यम झोताने पाने उलटसुलट फडफडतात आणि त्यांच्या मागील बाजूस थेंब बसतात. झोत वाढवला की पाने झोताच्या दिशेत आडवी होऊन एकमेकांवर कौलांसारखी बसतात आणि तुषार त्यांवरून पलीकडच्या ओळीत निघून जातात. पंख्याचा वेग ठरवताना पाने फडफडत आहेत की दबली आहेत, हे पाहिले तरी पुष्कळ कळते.

ड्रोनच्या पंखांखाली

केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची मानक कार्यपद्धती जाहीर केली, आणि ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचतगटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. ड्रोन स्वतःचा वारा घेऊन येतो, हे त्याचे वैशिष्ट्य. २५ किलो भाराचा, पाऊण मीटर व्यासाच्या चार पंख्यांचा ड्रोन हवेत स्थिर राहण्यासाठी पंख्यांतून हवा सेकंदाला साडेसात मीटरांच्या आसपास खाली ढकलतो, हे संवेगाच्या साध्या समीकरणावरून निघते. हा झोत भाताच्या बुंध्यापर्यंत, तुडतुड्यांच्या वस्तीपर्यंत, थेंब नेऊ शकतो. मात्र टाकी रिकामी होत भार १५ किलोवर आला, की तो वेग सेकंदाला सहा मीटरांच्या खाली येतो. शेताच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला पडणारा फवारा त्यामुळे एकसारखा नसतो. आणखी एक गोष्ट उड्डाणाच्या वेगाची : ड्रोन सावकाश असता झोत सरळ जमिनीकडे जातो, वेग वाढला की तो मागे कलतो, पंख्यांच्या टोकांचे भोवरे दोन्ही बाजूंनी गुंडाळत वर उठतात आणि बारीक थेंब त्यांत सापडतात. वेळ वाचवण्यासाठी वेग व उंची दोन्ही वाढवणारा चालक नेमके हेच घडवून आणतो. हेक्टरी पाणी कमी असल्याने द्रावण तीव्र असते, आणि म्हणून उडून गेलेला थोडा अंशही अधिक घातक ठरतो.

या सगळ्या गणिताची शेतातील परीक्षा स्वस्त आहे. पाण्याच्या स्पर्शाने पिवळ्याचा निळा होणारा कागद मिळतो. त्याच्या पट्ट्या झाडाच्या शेंड्याला, मध्यावर आणि बुंध्याशी, पानाच्या दोन्ही बाजूंना, तसेच वाऱ्याच्या दिशेने बांधापलीकडे पाच, दहा व वीस मीटरांवर टाचणीने लावाव्यात आणि टाकीत केवळ स्वच्छ पाणी घेऊन फवारावे. कागद कोरड्या हातमोज्यांनी हाताळावा, दवात तो आपोआप निळा होतो. पानामागची पट्टी पिवळीच राहिली, तर पांढऱ्या माशीसाठी औषध बदलण्यापूर्वी नोझल, उंची आणि झोत बदलून पाहावा. आणि वीस मीटरांवरील पट्टीवर बारीक निळे ठिपके दिसले, तर त्या दिवशी टाकीत औषध घालू नये.